गुरुवार दुपारची ओळ

आमच्या घरात भांडायचं खातं माझ्याकडे आहे. मी नर्स आहे, आवाज मोठा आहे आणि तो वापरायची सवयही आहे. वहिनी माझ्या अगदी उलट. तिचा आवाज स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतसुद्धा पोचत नाही. म्हणून ही हकीकत खरं तर तिने सांगायची, ती मी सांगतेय. तिच्यावर सोपवली तर ती चार वाक्यांत उरकेल आणि त्यातली दोन माझ्या आईच्या कौतुकाची असतील.

वहिनी प्रोग्रामर आहे. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा एका मोठ्या कंपनीत होती. सकाळी जायची, संध्याकाळी यायची आणि मधल्या वेळात बोटं चालवायची. इतकी चालवली की दोन्ही मनगटं कामातून गेली. चहाचा कप उचलला की हात थरथरायचा. डॉक्टरांनी कीबोर्ड बंद सांगितला. प्रोग्रामरला कीबोर्ड बंद म्हणजे गवयाला गाणं बंद. कंपनीने हळहळ व्यक्त केली, फुलांचा गुच्छ दिला आणि पुढच्याच महिन्यात तिची जागा भरून टाकली.

दादा, म्हणजे माझा भाऊ, शाळेत गणित शिकवतो. त्याने तिला आराम करायला सांगितलं. पण वहिनीला रिकामं बसणं म्हणजे शिक्षाच. ती दिवसभर खिडकीशी बसून राही, मांडीवरचे हात दुसऱ्या कुणाचे असावेत तशी त्यांच्याकडे बघत. ते बघवेना ते माझ्या आईला.

आई जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होती. साहेब बोलायचे, आई टाइप करायची. निवृत्त झाल्यावरही बोटं काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. गुडघ्यावर, ताटाच्या काठावर, झोपेत उशीवरसुद्धा त्यांची टकटक चालायची. एके दिवशी ती खुर्ची ओढून वहिनीच्या कॉम्प्युटरसमोर बसली आणि म्हणाली, "सूनबाई, तू बोल, मी बडवते."

"आई, हे पत्र नाही हो. प्रोग्राम आहे."

"मला साहेबांची पत्रं तरी कुठे कळायची? तू बोल."

पहिले काही दिवस नुसती धमाल होती. आई कानावर पडेल ते सगळं टाइप करायची, कारण साहेबांनी तिला तीच शिस्त लावली होती. "इथे अर्धविराम, नवी ओळ, आई दूध उतू जातंय" असं वहिनी म्हणाली, तर दूधही प्रोग्राममध्ये जायचं. मग तो चालायला नकार द्यायचा आणि दोघी डोक्याला डोकं लावून दूध शोधत बसायच्या. एकदा दादाने मध्येच येऊन "किल्ल्या कुठायत?" विचारलं, तर त्या किल्ल्याही सापडल्या त्या तिथेच. पण आई शिकली. कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, ओळ किती आत सरकवायची, हे तिच्या बोटांना कळायला लागलं. पुढे वहिनी नुसतं "मागच्यासारखंच, फक्त रात्रपाळीसाठी" म्हणायची आणि आई पाच-दहा ओळी न विचारता लिहून टाकायची.

आणि प्रत्येक फाइलच्या अगदी तळाशी आई एक बारीकशी खूण ठेवायची. टायपिस्ट लोकांची जुनी पद्धत आहे ती. पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात आधी सांगणाऱ्याची आद्याक्षरं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, मग तिरकी रेघ आणि तिच्यापुढे टायपिस्टची, बारक्या अक्षरांत. पत्रात चूक निघाली तर कुणाला रागवायचं ते कळावं म्हणून. वहिनीने विचारलं, "आई, हे कशाला?" तर म्हणाली, "त्याशिवाय कागद पुरा झाल्यासारखं वाटत नाही गं." वहिनीने ते राहू दिलं.

प्रोग्राम कसला, तर माझ्या डोकेदुखीचा. तेव्हा मी एका छोट्या हॉस्पिटलमध्ये होते आणि सगळ्या सिस्टरांच्या ड्यूट्या लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मी सिनिअर वगैरे नव्हते, यादीत तिसरी होते, पण पहिल्या दोघींनी अंग काढून घेतलं. ड्यूटी लावणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कुणाला रात्रपाळी नको, कुणाचं मूल लहान, कुणाचं कुणाशी पटत नाही. मी राहायला वेगळी, पण रविवारी आईकडे जेवायला आले की तोंड वाजवायचे. वहिनी ऐकून घ्यायची आणि मध्येच विचारायची, "ताई, रात्रपाळी करून आलेल्या सिस्टरला लगेच सकाळची लावता का तुम्ही?" मी म्हणायचे, "माणसं आहेत ती, बैल नाहीत." दुसऱ्या दिवशी ते प्रोग्राममध्ये असायचं. बैल वगळून.

असा तो तयार झाला. वहिनीने त्याचं नाव ठेवलं 'सोय'. आमच्या वॉर्डात लावला आणि भांडणं निम्म्यावर आली. कॉम्प्युटरने ड्यूटी लावली म्हटल्यावर भांडणार कुणाशी? माझं तर नशीबच उघडलं. मला दर गुरुवारी दुपार मोकळी मिळायला लागली. मी जेवायला आईकडे जायचे, दोन तास लोळायचे, आईशी जगाची उणीदुणी काढायचे. का मिळते ते मी कधी विचारलं नाही. फुकट मिळालेल्या सुट्टीचे दात कोण मोजतं?

आणखी दोन-तीन छोट्या हॉस्पिटलांनी 'सोय' घेतला. वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. मनगटं बरी नव्हती, होणारही नव्हती, पण ती पुन्हा कामाची माणूस झाली होती. तेवढ्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा निरोप आला. आम्हाला विकत घ्यायचाय, आतून तपासायचाय, सगळं लिखाण पाठवा. वहिनीने विश्वासाने सगळ्या फाइली मेल केल्या. बरेच दिवसांनी उत्तर आलं, 'सध्या आम्हाला गरज नाही.' वहिनीने एक दिवस तोंड पाडलं आणि पुन्हा कामाला लागली.

पुढे मला मोठ्या हॉस्पिटलमध्ये इन्चार्जची जागा मिळाली. पगार वाढला, वॉर्ड मोठा झाला, माझा गुरुवार मात्र गेला. तिथे ड्यूट्या लावायला त्याच कंपनीचा प्रोग्राम होता. रंग वेगळे, बटणं चकचकीत, नाव भारदस्त. पण मी आठवडाभर वापरला आणि मला सारखं वाटायला लागलं, हे घर आपण पाहिलंय, नुसते पडदे बदललेत. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "असेल ताई. ड्यूट्या सगळीकडे सारख्याच लागतात." पण ती जेवली नाही.

मी तिला धरून वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी शांतपणे समजावलं. प्रोग्राम हेही लिखाणच असतं, लिहिलं त्या क्षणी हक्क लिहिणाऱ्याचा होतो. नोंदणी केली असती तर सिद्ध करायला सोपं गेलं असतं इतकंच. पण हक्क लिहिलेल्यावर असतो, कल्पनेवर नसतो. "रात्रीनंतर सकाळ लावू नये, हे कुठल्याही नर्सला कळतं," त्या म्हणाल्या. "ते म्हणतील, आम्हीही नर्सना विचारून नव्याने लिहिलं. मग तो त्यांचाच झाला. तुमचं लिखाण उचललं, हे दिसेल असं काहीतरी हवं."

तसं काही आमच्याजवळ नव्हतं. त्यांचं लिखाण काही त्यांनी आम्हाला मेल केलं नव्हतं.

आणि मग कहर झाला. कंपनीने 'सोय' वापरणाऱ्या त्या छोट्या हॉस्पिटलांना नोटिसा धाडल्या की तुमच्याकडचा प्रोग्राम ही आमच्या प्रोग्रामची नक्कल आहे, वापर थांबवा. चोराच्या उलट्या बोंबा! एका हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वहिनीला फोन केला, फार सभ्यपणे बोलले आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं." वहिनीने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "ताई, पैसे गेले तर जाऊ देत. पण मी लिहिलेलं मी चोरलं, असं कसं?" त्या दिवशी मी पहिल्यांदा तिचा आवाज बाहेरच्या खोलीत ऐकला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. कुणी बोलत नव्हतं. शांतता मला सोसत नाही, म्हणून मी माझ्या वॉर्डाचं रडगाणं काढलं. "आमच्याकडे एक उंच सिस्टर आहे. तिला दर गुरुवारी दुपार मोकळी. बाकीच्या मला टोमणे मारतात, तुमची लाडकी का म्हणून. मी लाडकी कुणाला करते का? शेवटी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला, तर तो म्हणतो, मॅडम, सिस्टीमच तशी आहे."

आईचा घास हातातच राहिला. "यादीत कितवी ती?"

"तिसरी. का गं?"

आई ताटाकडे बघत म्हणाली, "मग ते माझं आहे."

दादाने पाण्याचा पेला खाली ठेवला. आईने जे सांगितलं ते असं. 'सोय' तयार होत होता तेव्हा आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांत वयस्कर सिस्टरसाठी वहिनीने एक ओळ सांगितली होती, की यादीतल्या पहिल्या नंबरला रात्रपाळी नको. आईने ती टाइप केली. वहिनी औषध घ्यायला उठली. आणि आईने तीच ओळ पुन्हा खाली टाइप केली. पहिल्याच्या जागी तिसरा नंबर, रात्रीच्या जागी गुरुवारची दुपार.

"अगं पण का?" मी विचारलं.

"गुरुवारी दुपारी ही मनगटांच्या व्यायामाला दवाखान्यात जायची. हा शाळेत. घर खायला उठायचं." आईची बोटं ताटाच्या काठावर टकटकायला लागली. "तुला नुसतं ये म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ड्यूटी आहे."

मला रडू फुटलं. नर्सला रडू येत नाही असा लोकांचा समज असतो. मी ताटावर बसून पोरीसारखी रडले. ते सगळे गुरुवार मी नशिबाच्या खात्यावर टाकले होते, आणि ते आईने मला न सांगता माझ्यासाठी लावून ठेवले होते.

वहिनी उठून कॉम्प्युटरशी गेली. दुखऱ्या बोटाने एकेक बटण दाबत तिने ती ओळ शोधली आणि वळून म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या प्रोग्राममध्ये ढवळाढवळ केलीत?"

आईची मान खाली गेली. "चुकलं गं माझं."

"चुकलं?" वहिनी हसायला लागली आणि तिला हसू आवरेना. "अहो, जगात कुठल्याच नर्सला विचारून कुणी ही ओळ लिहिणार नाही! काखेत कळसा आणि आपण वकिलांच्या दाराला वळसे घालतोय."

आणि कंपनीने ती का ठेवली असेल, तेही वहिनीनेच सांगितलं. दुसऱ्याचा प्रोग्राम उचलला की त्यातली न समजणारी ओळ काढायची छाती कुणाची होत नाही. न जाणो, तिच्यावर काय उभं असेल. चालतंय ना, मग हात लावू नको. सगळे प्रोग्रामर असंच करतात. मीही केलंय, म्हणाली.

प्रकरण आधी मध्यस्थापुढे गेलं. लांबलचक टेबल, बंद खिडक्या, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. मध्यस्थ एक वयस्क बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवून ऐकणाऱ्या. पलीकडे कंपनीचे वकील आणि त्यांचा एक तरुण दाढीवाला प्रोग्रामर. अलीकडे वहिनी, वकीलबाई, मी, आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली आई. आमच्या वकीलबाईंनी वहिनीला बजावलं होतं, "ही ओळ तुमच्या मेलमध्ये आधीपासून होती एवढंच सांगा. विचारल्याशिवाय जास्त बोलू नका."

मेल दाखवला, तारीख दाखवली, ओळ दाखवली. मध्यस्थ बाईंनी कंपनीलाही आपल्या लिखाणाची पानं आणायला लावली होती, त्यांतही ती ओळ होती. मध्यस्थ बाईंनी कंपनीला विचारलं, "तुमच्याकडे ही का आहे?"

वकील म्हणाले, "गुरुवारी दुपारी रुग्ण कमी असतात."

"मग फक्त तिसऱ्याच नर्सला सुट्टी का?"

वकील बाटलीतलं पाणी प्याले. पण गडी मुरलेला होता. त्याने मोर्चा वहिनीकडे वळवला. "ही ओळ लिहिण्यामागे तुमचा काय विचार होता?"

मी मनात म्हटलं, बोल वहिनी, काहीही ठोकून दे. सगळं त्या एका ओळीवर अडलं होतं. माझी वहिनी म्हणाली, "ती मी लिहिलेली नाही. माझ्या सासूबाईंनी लिहिलीय."

वकीलबाईंनी डोळे मिटले. मी टेबलाखाली स्वतःच्याच मांडीला चिमटा काढला. समोरचे वकील हसले. "म्हणजे तुमच्या प्रोग्राममध्ये तुमच्या नसलेल्या ओळी आहेत. अशा आणखी किती?"

"बऱ्याच आहेत," वहिनी म्हणाली आणि मग ती बोलत राहिली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "माझे हात चालत नाहीत. मी बोलत होते आणि आई लिहीत होत्या. मी 'मागच्यासारखंच' म्हणायचे, ते कसं लिहायचं ते आई ठरवायच्या. 'इथे वाचताना अडखळायला होतंय' असं त्या म्हणायच्या आणि तिथे खरंच चूक निघायची. मी एकटीच्या नावाने हक्क मागायला आले, ते चुकलं. हा प्रोग्राम आम्ही दोघींनी लिहिलाय. दोघींनी मिळून मागतोय."

वकील काही बोलणार, तेवढ्यात आईने पर्स टेबलावर ठेवली. ती वकिलांशी बोललीच नाही. त्या दाढीवाल्या पोराकडे बघून तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "बाळ, प्रत्येक फाइलच्या तळाशी हिची आणि माझी अक्षरं होती. माझी बारीक. ती कुठे गेली रे?"

पोरगा कानापर्यंत लाल झाला. वकिलांनी त्याच्या हातावर हात ठेवला. पण आई वाट बघत होती. रागाने नाही, हरवलेली वस्तू विचारावी तशी.

"काढली, आजी," तो म्हणाला. "ती कुणाची ते कळेना, म्हणून काढली. आणि गुरुवारची ओळ कशाची ते कळेना, म्हणून ठेवली."

मध्यस्थ बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लिहायला सुरुवात केली. त्या पोराची नोकरी जाणार अशी मला धास्ती वाटली. नंतर कळलं की त्याने स्वतःच ती सोडली, आता एकट्याने काम करतो आणि अधूनमधून वहिनीला शंका विचारायला फोन करतो. पहिल्या फोनला त्याने आधी आईलाच मागितलं.

सगळं मिटायला त्यानंतरही बराच काळ गेला. कंपनी एका दिवसात सरळ होत नसते. पण नोटिसा मागे घेतल्या. त्या सभ्य डॉक्टरांनी पुन्हा फोन केला आणि या वेळी खरंच सभ्य बोलले. कंपनीचा प्रोग्राम जिथे जिथे चालतो तिथे आमचा वाटा ठरला आणि पहिल्याच पानावर लिहिणाऱ्यांची नावं द्यायची असं ठरलं. इकडे वहिनीने 'सोय'ची रीतसर नोंदणी करायला घेतली, दोघींच्या नावाने.

त्या दिवशी मी आईकडेच होते. आई कीबोर्डवर, वहिनी शेजारी. वहिनीने आधी स्वतःचं नाव सांगितलं. ते आईने क्षणात टाइप केलं. मग तिने तिरकी रेघ मारली आणि पुढे आपली दोन बारकी अक्षरं.

"आई, ते पुसा. तिथे पूर्ण नाव."

"असू दे गं. माझं बारीकच बरं. मी काय, टायपिस्ट."

"कीबोर्ड तुमच्या हातात असला तरी बोलतेय मी," वहिनी म्हणाली. "आणि तुम्ही सांगितलेलं तसंच्या तसं टाइप करता ना? मग करा. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात."

आयुष्यभर दुसऱ्यांची नावं डोळे मिटून टाइप करणाऱ्या माझ्या आईला स्वतःचं नाव टाइप करायला वेळ लागला. एकेक अक्षर शोधत होती. मध्ये एकदा चुकली, पुसलं, पुन्हा केलं. पुरं झाल्यावर हात मांडीवर घेऊन ती नुसती बघत बसली. बोटं अगदी गप्प होती.

परवा माझ्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती आली. पहिल्या पानावर खाली दोन नावं आहेत, आडनाव एकच. आमच्या उंच सिस्टरला मात्र त्याचं काही कौतुक नाही, कारण नव्या आवृत्तीत गुरुवारची ओळ काढून टाकलीय आणि तिची दुपार गेलीय. ती माझ्यावर फुगून बसलीय.

मी मात्र गुरुवारच्या दुपारसाठी अर्ज दिला. माझ्या हाताने, माझ्या नावाने. आईने दार उघडलं आणि म्हणाली, "आज कशी काय गं तू? सुट्टी लागली?"

"लागली नाही. मागून घेतली," मी म्हटलं. "दर गुरुवारची."